कानावर पडणं आणि कान देणं

वाचकांचे प्रश्न : तान्ह्या आणि लहान मुलांचं ऐकणं

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आहे: मुलाला ऐकू तर येतं, मग ते लक्ष का देत नाही? म्हणून तो प्रश्न पहिला घेतला आहे आणि त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. नावाने हाक मारली तर कधी लगेच वळून बघते, कधी चार हाका मारल्या तरी ढिम्म. सासूबाई टाळी वाजवतात तेव्हा मात्र झटकन वळते. त्यामुळे ‘ऐकू येतंय, पण हट्टी आहे’ असं घरात ठरून गेलंय. नक्की काय समजायचं?

टाळीची परीक्षा आधी बाद करू. टाळीच्या आवाजात खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या असतात, तो मोठा असतो, आणि जवळून वाजवली तर हवेची झुळूकही गालाला लागते. ज्या मुलाला फक्त वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं तेही टाळीला आणि दार आपटल्यावर वळतंच. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि मुळातच क्षीण. त्यामुळे आवाज पोचला, शब्द मात्र अर्धाच पोचला, असं होऊ शकतं. टाळीला हे कळत नाही.

आता ‘कधी वळते, कधी नाही’ याबद्दल. हट्ट हे कारण आठव्या महिन्यात सोडूनच द्या. हाक मारली तेव्हा खोलीत आणखी काय चालू होतं, ते आठवून बघा. बाळं साडेचार महिन्यांची असतानाच आपलं नाव इतर नावांपेक्षा जास्त वेळ ऐकत राहतात, म्हणजे नाव ओळखीचं झालेलं असतं. पण गोंगाटातून ते वेगळं काढणं फार उशिरा जमतं. 2005 मध्ये रोशेल न्यूमन यांनी हेच मोजलं. मागे अनेक बायकांच्या बोलण्याचा एकत्र गलका चालू ठेवून बाळांना त्यांचं नाव ऐकवलं. नाव मागच्या बोलण्यापेक्षा 10 डेसिबलने मोठं असेल तर पाच महिन्यांच्या बाळांनी ते ओळखलं. फरक 5 डेसिबलवर आला की ओळखलं नाही. नऊ महिन्यांच्या बाळांचंही तसंच. 5 डेसिबलच्या फरकावर नाव ओळखणं तेरा महिन्यांच्या मुलांना जमलं. मोठ्या माणसाला तर मागचं बोलणं तेवढंच मोठं असलं तरी आपलं नाव ऐकू येतं. म्हणूनच ‘मला ऐकू येतंय, तर तिलाही येत असणार’ हा हिशेब चुकतो.

घरात याचा अर्थ असा. मीटरभर अंतरावरचं साधं बोलणं साधारण 60 डेसिबल भरतं. बोलत्या कार्यक्रमांचा टीव्ही सहज तेवढाच असतो. फरक शून्य. त्यात तुम्ही चार मीटरवरून हाक मारली तर आवाज आणखी पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे एक मीटरवरून चारवर गेल्यावर 12. खोलीत भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळे उतार थोडा कमी. पण परतलेला आवाज शब्दाच्या कडा पुसट करतो, तो तोटा वेगळाच.

मोबाइलवर आवाज मोजणारं अ‍ॅप असतं. त्याचे आकडे अचूक नसतात, पण दोन आकड्यांमधला फरक या कामापुरता बरा मिळतो. फोन बाळाच्या कानाजवळ धरा आणि कोणीही न बोलता खोलीचा आवाज बघा. मग तुम्ही नेहमी जिथून बोलता तिथून, नेहमीच्या आवाजात बोला. आकडा 10 ने तरी वाढायला हवा. 3-4 नेच वाढला, तर दोष मुलीचा नाही, खोलीचा आहे. उपाय ओरडण्याचा नाही. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत, आणि शब्द उलट बिघडतो. टीव्ही बंद करा आणि जवळ जा. 10 डेसिबलचा फरक एवढ्यानेच मिळतो.

हे करूनही शंका राहिली तर घरी एक चाचपणी करता येते. खोली शांत हवी, मुलगी नुकतीच झोपून उठलेली आणि पोट भरलेली. एकाने तिला मांडीवर समोर तोंड करून बसवायचं. दुसऱ्याने समोरून छोटं खेळणं दाखवायचं आणि तिची नजर खिळली की ते मुठीत झाकायचं. त्याच क्षणी तिसऱ्याने मागून, एका बाजूने, हातभर अंतरावरून आणि तिच्या कानाच्या पातळीवर हलकेच ‘स्स्स’ करायचं. फुंकर नको, फक्त आवाज. काही वेळाने दुसऱ्या बाजूने. मग तसंच खालच्या आवाजात ‘ऊऽऽ’. दोन्ही बाजूंना, दोन्ही आवाजांना वळली तर ठीक. यात फसगत नेहमीच्याच गोष्टींनी होते: भिंतीवर पडलेली सावली, पावलांचा आवाज, बांगड्या, अत्तराचा वास, किंवा समोरच्या माणसाने डोळे वर करून मागच्याकडे बघणं. बाळं हे सगळं टिपतात आणि ‘उत्तीर्ण’ होतात. मधूनमधून तिसऱ्याने मागे जाऊन काहीच आवाज करू नये. तरीही ती वळली, तर ती ऐकून वळत नाहीये.

ही चाचपणी म्हणजे निदान नव्हे. एकाच बाजूला वळत असेल, ‘स्स्स’ला वळत नसेल, किंवा नऊ महिने पूर्ण झाल्यावरही शांत खोलीत, जवळून मारलेल्या हाकेला बघत नसेल, तर श्रवणतज्ज्ञांकडे जा. बारा महिन्यांनंतरही नावाला प्रतिसाद नसेल तर कानांच्या तपासणीबरोबर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणीही करून घ्या.

जाता जाता एक. दिवसभरात पन्नास वेळा, काही सांगायचं नसताना नुसतं नाव घेत राहिलं की नावाची किंमत उतरते. हाक मारली आणि ती वळली, तर पुढे काहीतरी घडायला हवं: एखादा चेहरा, एखादा शब्द, एखादी वस्तू.

प्रश्न : गरोदरपणात पोटावर हेडफोन ठेवून बाळाला ऐकवावं का?

नको. बाळाच्या कानाचं काम सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास सुरू होतं, पण बाहेरचा आवाज पोटाच्या थरांतून आणि पाण्यातून जाताना गाळला जातो. खालच्या पट्टीतलं आत पोचतं, वरच्या पट्टीतलं बहुतांशी अडतं. शब्द नाहीत, चाल पोचते. आईचा स्वतःचा आवाज मात्र शरीरातूनच आत जातो, त्यामुळे तो सगळ्यांत ठळक. 1980 मध्ये डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं की तीन दिवसांच्या आतली बाळंसुद्धा आईचा आवाज लागावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. 1986 च्या प्रयोगात आयांनी शेवटच्या सहा आठवड्यांत रोज एकच गोष्ट मोठ्याने वाचली होती; जन्मानंतर बाळांनी त्याच गोष्टीला पसंती दिली, वाचणारी बाई दुसरी असली तरी. हेडफोन थेट पोटावर लावला तर आत किती आवाज जातोय हे कळायला मार्ग नसतो. साधं बोलत राहा, ते पुरतं.

प्रश्न : बाळ बोलत नाही, सांगत नाही. मग ‘चार महिन्यांच्या बाळाला अमुक फरक कळतो’ असं शास्त्रज्ञ कशावरून म्हणतात?

कंटाळ्यावरून. बाळाला नवं आवडतं आणि जुन्याचा कंटाळा येतो, या एका गोष्टीवर सगळी पद्धत उभी आहे.

सगळ्यांत गाजलेला प्रयोग 1971 चा, पीटर आयमस आणि सहकाऱ्यांचा. बाळाच्या तोंडात चोखणी. तिला दाब मोजणारं यंत्र जोडलेलं. बाळाने जोरात चोखलं की ‘बा’ असा आवाज यायचा. आपण चोखलं की आवाज येतो हे बाळाला लवकरच कळतं आणि ते जोरजोरात चोखू लागतं. काही मिनिटांनी ‘बा, बा, बा’चा कंटाळा येतो आणि चोखणं मंदावतं. त्या क्षणी आवाज गुपचूप बदलायचा. चोखणं पुन्हा वाढलं, तर बाळाला फरक कळला. तसंच मंद राहिलं, तर त्याच्या लेखी ते आधीचंच चालू आहे.

खरी गंमत काय बदललं त्यात आहे. इंग्रजीतल्या ‘बा’ आणि ‘पा’मधला फरक म्हणजे ओठ उघडल्यापासून गळ्यातलं कंपन सुरू होईपर्यंतचा वेळ. तो एका सेकंदाच्या 20 हजारांशांवरून 40 वर नेला की ऐकणाऱ्याला ‘बा’चा ‘पा’ झालेला ऐकू येतो. तिथे एक आणि चार महिन्यांच्या बाळांचं चोखणं वाढलं. तेवढाच 20 हजारांशांचा बदल ‘बा’च्या हद्दीत किंवा ‘पा’च्या हद्दीत केला, तर फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाळ आवाजाची नुसती लांबी-रुंदी मोजत नाही. मोठी माणसं ऐकतात तसंच त्याचे गट पाडून ऐकतं.

थोड्या मोठ्या बाळांसाठी चोखणीऐवजी मान वळवणं वापरतात. आवाज बदलला की बाजूच्या काळ्या काचेमागे दिवा लागून खेळणं हलू लागतं. दोन-चार वेळा हे पाहिलं की फरक कळलेलं बाळ खेळणं दिसायच्या आधीच तिकडे वळतं. मांडीवर घेतलेल्या आईच्या कानांवर हेडफोन आणि त्यात गाणी, कारण तिला फरक ऐकू आला तर तिची मांडी नकळत हलते आणि बाळाला खूण मिळते. वर सांगितलेल्या घरच्या चाचपणीतल्या बांगड्यांसारखंच हे.

प्रश्न : बाळाशी बोबडं बोलू नये, मोठ्यांशी बोलतो तसं स्पष्ट बोलावं, असं सासरे म्हणतात. मी लाडात बोलले की ते टोकतात. त्याने मूल बोबडं राहतं का?

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली आल्या आहेत आणि भांडण त्यामुळेच आहे.

पहिली गोष्ट आवाजाची. पट्टी वर नेणं, चढ-उतार मोठे करणं, वेग कमी करणं, स्वर लांबवणं, वाक्यांमध्ये मोकळी जागा सोडणं. याला लाडिक बोलणं म्हणू. हे बाळांना आवडतं, याला भक्कम पुरावा आहे. 2020 मध्ये 67 प्रयोगशाळांनी मिळून 2,329 बाळांवर एकच प्रयोग केला आणि लाडिक बोलणं बाळं जास्त वेळ ऐकतात हे पुन्हा दाखवलं. आवड हा यातला अर्धाच भाग. या बोलण्यात वाक्यं छोटी असतात आणि शेवटचा शब्द उठावदार असतो, त्यामुळे सलग बोलण्यातून शब्द सुटा काढायला मदत होते. हे करताना टोकायचं काही कारण नाही.

दुसरी गोष्ट उच्चारांची. ‘चेंडू’ला ‘तेंदू’, ‘गाडी’ला ‘दादी’. हे मात्र सासरे म्हणतात तसं टाळा. मूल आयुष्यभर बोबडं राहील म्हणून नव्हे, त्याला पुरावा नाही. पण मुलाला शब्दाचा नमुना तुमच्याकडूनच मिळतो. तो बिघडवून काय मिळवायचं? शिवाय मुलाच्या कानातला शब्द त्याच्या जिभेवरच्या शब्दापेक्षा बराच शुद्ध असतो. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी 1960 मध्ये याचं छान उदाहरण नोंदवलं. एक मूल ‘फिश’ला ‘फिस’ म्हणायचं. मोठ्याने ‘हा तुझा फिस का?’ विचारलं की चिडून ‘नाही, फिस!’ म्हणायचं, आणि ‘फिश’ म्हटलं की मान्य करायचं. ‘तेंदू’ म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही ‘तेंदू’ म्हणून बघा, बहुतेक हाच संवाद होईल.

आणि भूभू, माऊ, चिऊ, भुर्र? हे बोबडे शब्द नव्हेत, हे भाषेतलेच बाळशब्द आहेत. एकच अक्षर दोनदा येणारे शब्द कानाला पटकन सापडतात. एडिनबर्गच्या संशोधकांनी 2018 मध्ये पाहिलं की ज्या बाळांच्या कानावर असे शब्द जास्त पडले त्यांचा शब्दसाठा नऊ ते एकवीस महिन्यांत जास्त वेगाने वाढला. बिनधास्त वापरा.

मराठीत बोलताना एक अडचण मात्र मुद्दाम लक्षात ठेवावी. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नवा शब्द वाक्याच्या पोटात जाऊन बसतो: ‘तो लाल चेंडू मला आणून दे.’ आठ महिन्यांच्या बाळांना वाक्याच्या टोकाचा शब्द सापडतो, मधला सापडणं अवघड जातं, हे 2006 मधल्या एका प्रयोगात दिसलं. वर आपल्याकडे शब्दाचं रूपही बदलतं: घोडा, घोड्याला, घोड्यावर. म्हणून नवा शब्द आधी सुटा आणि मूळ रूपात टोकाला आणा: ‘बघ, घोडा. घोडा!’ मग ‘घोड्यावर बसू या.’ सगळी वाक्यं अशी करायची गरज नाही. आया एरवीही दहातलं जवळपास एक वाक्य एकाच शब्दाचं बोलतात आणि तेवढं पुष्कळ होतं.

प्रश्न : आमच्या घरात दोन भाषा आहेत आणि बाळाला तिसरी यावी म्हणून आम्ही व्हिडिओ लावतो. सहाव्या महिन्यापासून सुरू केलं तर उच्चार पक्के होतात असं ऐकलं. खरं आहे का?

ऐकलेल्यातलं अर्धं खरं आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. आपल्याला हा फरक इतका उघड वाटतो की तो कोणाला कळत नसेल यावर विश्वास बसत नाही. पण इंग्रजीभाषक मोठ्यांना दोन्ही एकच ‘ट’सारखे ऐकू येतात. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. आठ ते दहा महिन्यांत कळणारी बाळं कमी झाली. दहा ते बारा महिन्यांत जवळपास कोणालाच कळेना. हिंदी घरांतल्या वर्षाच्या आसपासच्या बाळांना अर्थातच कळत होता.

कान बिघडला असं यात काही नाही. रोज कानावर पडणाऱ्या भाषेत जो फरक अर्थ बदलतो (ताक आणि टाक) त्यावर कान धारदार होतो आणि ज्या फरकाने काही बिघडत नाही तो सोडून देतो. ही घट्ट मिटणारी खिडकीही नव्हे. पुढेही सरावाने फरक शिकता येतात, फक्त मेहनत वाढते.

आता व्हिडिओ. 2003 मध्ये पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चार आठवड्यांत प्रत्येकी 25 मिनिटांच्या 12 बैठका चिनी मँडरिनमध्ये दिल्या, म्हणजे एकूण पाच तास. समोर खरं माणूस बसून खेळत, वाचत होतं त्या गटाच्या बाळांनी मँडरिनमधला अवघड उच्चारभेद टिकवला. त्याच माणसांचा व्हिडिओ किंवा नुसता आवाज मिळालेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. वेळ तोच, शब्दही तसेच. पडद्यात नव्हतं ते एवढंच: बाळ कुठे बघतंय हे बघून बोलणं आणि बाळाने आवाज केला की थांबणं. म्हणूनच थेट व्हिडिओ कॉलचं खातं वेगळं. समोरचा माणूस तुमच्या मुलाला बघून उत्तर देत असतो. दोन ते अडीच वर्षांची मुलं अशा कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, पण आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत.

तेव्हा तिसरी भाषा बोलणारं माणूस घरात किंवा कॉलवर नियमित असेल तर जरूर, नसेल तर व्हिडिओ बंद करा. दोन भाषांची चिंता करू नका. गरोदरपणी दोन भाषा बोलणाऱ्या आयांची नवजात बाळंही त्या दोन्हींकडे लक्ष देतात आणि त्या वेगळ्या ओळखतात.

प्रश्न : माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. मी बोलते तेव्हा डोळ्यांत न बघता सारखा तोंडाकडे बघतो. स्वमग्नतेची खूण आहे का?

एवढ्यावरून नाही. चार महिन्यांची बाळं बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे जास्त बघतात, आठ-दहा महिन्यांची तोंडाकडे, आणि वर्षाच्या सुमारास नजर पुन्हा डोळ्यांकडे सरकते. ही नोंद 2012 ची, लेव्हकोविच आणि हॅन्सन-टिफ्ट यांची. परक्या भाषेत बोललं तर वर्षाची मुलंही तोंडाकडेच बघत राहतात. नवव्या महिन्यात बडबड सुरू असते आणि ओठ कसे हलतात हे त्याला हवं असतं. तुमच्या तोंडावर उजेड पडेल असं बसा. खिडकी पाठीशी असेल तर त्याला फक्त काळी आकृती दिसते. तो हसण्याला हसून उत्तर देत नसेल, आवाजांची देवाणघेवाण करत नसेल, चेहऱ्याकडे बघतच नसेल, तर मात्र दाखवा.

प्रश्न : जन्मानंतर कानांची चाचणी ‘पास’ झाली होती. आता मुलगा अकरा महिन्यांचा आहे, ‘बाबाबा’ वगैरे म्हणत नाही. ‘चाचणी झालीय, उशिरा बोलेल’ म्हणून थांबावं का?

थांबू नका. ‘पास’ म्हणजे त्या दिवशी, त्या यंत्राला मोठा दोष दिसला नाही, एवढंच.

प्रसूतिगृहात बहुधा ओएई ही चाचणी होते. कानात छोटी डाट घालून आवाज सोडतात आणि आतल्या कानाच्या केसपेशींकडून परत येणारा क्षीण प्रतिध्वनी मोजतात. पेशी चांगल्या असल्या की पास. पुढे मज्जातंतूत अडचण असेल तर ती हिला दिसत नाही. त्यासाठी बेरा चाचणी लागते, जिच्यात डोक्याला तारा लावून मेंदूपर्यंतचा प्रतिसाद बघतात. पाच दिवसांपेक्षा जास्त अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची बेराच व्हायला हवी. शिवाय काही दोष जन्मानंतर उद्भवतात: आनुवंशिक कारणांनी, गर्भातल्या सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गाने, मेंदूज्वराने. आणि सगळ्यांत सामान्य कारण म्हणजे सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे साचलेलं पाणी. त्यात ठणका नसतो, ताप नसतो, आणि ऐकणं आठवड्यागणिक कमी-जास्त होतं. म्हणूनच ‘काल ऐकलं, आज नाही’ असं वाटतं. बहुतेक मुलांत ते तीन महिन्यांत आपोआप उतरतं, पण तेवढा काळ लक्ष ठेवून नंतर पुन्हा तपासावं लागतं.

तुम्ही सांगितलेली खूण महत्त्वाची आहे. तान्हेपणीचे हुंकार, हसणं, ‘ऊ-आ’ हे ऐकू न येणारी बाळंही करतात, त्यामुळे त्याने निश्चिंत होऊ नये. व्यंजन आणि स्वर जोडून ‘बाबाबा’, ‘ददद’ अशी ठसठशीत बडबड यायला स्वतःचं आणि दुसऱ्याचं ऐकू यावं लागतं, आणि ती साधारण दहाव्या महिन्यापर्यंत येते. अकराव्यात नसेल तर आधी कान, मग बाकीचं. मधल्या कानासाठी टिंपॅनोमेट्री, ओएई, गरज पडली तर बेरा, हे सगळं सांगून करून घ्या. नवजात बाळांसाठी जगभर 1-3-6 हा हिशेब धरतात: एका महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार. तुमच्याकडे उशीर आधीच झालेला आहे, तेव्हा या आठवड्यात वेळ घ्या.

प्रश्न : दोन वर्षांची मुलगी खेळत असताना काहीही सांगा, ऐकतच नाही. कान तपासले, उत्तम आहेत. मुद्दाम करते का?

करत नाही. या वयात लक्षाची वाट एकपदरी असते. ठोकळे रचत असेल तर ती वाट ठोकळ्यांनी भरलेली असते आणि तुमचं वाक्य बाहेर उभं राहतं. खेळता खेळता ऐकणं साधारण चौथ्या वर्षानंतर हळूहळू जमू लागतं. तोपर्यंत ती वाट तुम्हालाच मोकळी करून द्यावी लागते.

जवळ जा, तिच्या उंचीला बसा. खांद्याला हात लावा आणि नाव घ्या. आता गप्प. ती वर बघेपर्यंत काही बोलू नका. मनात पाचपर्यंत मोजा. बघितलं की एकच गोष्ट, छोट्या वाक्यात. पुन्हा गप्प. लोकांची चूक नेमकी या दुसऱ्या गप्प बसण्यात होते. दोन सेकंद झाले की ‘अगं, ऐकलंस का? बूट आण म्हटलं ना, कुठे ठेवलेस, आण बघू लवकर’ सुरू होतं. ओळखीचा एकच शब्द ऐकून समोरच्या दोन चित्रांतल्या बरोबर चित्राकडे नजर न्यायला पंधरा महिन्यांच्या मुलाला जवळजवळ एक सेकंद लागतो, दोन वर्षांच्याला सुमारे सात दशांश. हे नुसतं एका शब्दाचं. पूर्ण सूचना समजून, हातातलं सोडून उठायला पाच ते दहा सेकंद द्या. मध्येच दुसरं वाक्य आलं की पहिलं पुसलं जातं आणि मोजणी पुन्हा शून्यावर.

नवा शब्द शिकवायचा असेल तर तिला खेळातून ओढूच नका. ती ज्याच्याकडे बघतेय त्याचंच नाव घ्या. टोमासेलो आणि फरार यांनी 1986 मध्ये दाखवलं की मुलाचं लक्ष आधीच ज्या वस्तूवर आहे तिचं नाव सांगितलं तर ते जास्त टिकतं; लक्ष दुसरीकडे वळवून सांगितलेलं कमी. मुलांच्या कपाळावर छोटा कॅमेरा बांधून केलेल्या 2012 च्या अभ्यासात आणखी बारकावा दिसला. वस्तू मुलाच्या हातात, चेहऱ्याजवळ, नजरेत सगळ्यांत मोठी असताना उच्चारलेलं नाव लक्षात राहिलं. तुम्ही लांबून बोट दाखवता तेव्हा तिच्या नजरेत त्या वस्तूबरोबर दहा वस्तू असतात.

आणि मागचा टीव्ही. 2009 च्या एका अभ्यासात मुलांच्या अंगावर दिवसभर ध्वनिमुद्रक ठेवले होते. टीव्ही ऐकू येण्याच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी 770 ने कमी भरले. कोणी बघत नसला, तरी चालू टीव्ही मोठ्यांना गप्प करतो.

प्रश्न : झोपेसाठी पावसाचा आवाज काढणारं यंत्र लावलं तर कानाला अपाय होतो का?

आवाज किती आणि किती जवळ, यावर आहे. 2014 मध्ये अशी 14 यंत्रं तपासली, तेव्हा पूर्ण आवाजावर 30 सेंटिमीटरवर त्यांपैकी तीन 85 डेसिबलच्या वर गेली. पाळण्याच्या कठड्याला लावू नका, किमान 200 सेंटिमीटर लांब ठेवा, आवाज सगळ्यांत कमी करा. बाळ गाढ झोपलं की बंद. जागं असताना तर लावूच नका, कारण तेव्हा ते पहिल्या प्रश्नातल्या टीव्हीचंच काम करतं.